विजेची शिदोरी

पनवेलहून उरणकडे जाताना द्रोणागिरी लागते. हा नवी मुंबईचाच एक भाग. जवळच न्हावा-शेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि या परिसरात कंटेनर ठेवण्याची मोठमोठी आवारे उभी राहिली. कोणत्या कंटेनरमध्ये कोणता माल आहे, तो कोणाचा, त्यावर किती शुल्क भरायचे, ही सारी नोंद आता संगणकावर होते. आवारात फिरून काम करणाऱ्याला टेबलावरचा संगणक उपयोगी पडत नाही. त्याला हवा असतो लॅपटॉप.

विद्यार्थी मित्रांनो, समजा तुमच्या भाईजानला अशाच एका कचेरीत नोकरी लागली आणि त्याला स्वतःचा लॅपटॉप घ्यायचा आहे. नवा परवडत नाही. मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप काही वर्षांनी बदलतात. ते जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकले जातात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असा माल मिळतो. भाईजानची कित्येक महिन्यांची बचत त्यात जाणार! मग वस्तू नीट पारखून घ्यायला नको का? त्यासाठी तीन गोष्टी समजून घेऊ : वीज, बॅटरी आणि पडदा.

वीज

उरणजवळ नैसर्गिक वायूवर चालणारे वीज केंद्र आहे. वीज कोठेही तयार होवो, आपल्या घरी ती सुमारे २३० व्होल्ट दाबाने येते. हा प्रवाह सतत मागेपुढे होत असतो. एका सेकंदात त्याची ५० आवर्तने होतात. लॅपटॉपला मात्र एकाच दिशेने वाहणारी, सुमारे २० व्होल्टची वीज लागते. हा बदल करण्याचे काम चार्जर करतो. म्हणून काम करताना तो थोडा गरम होतो. त्याच्यावर उशी किंवा चादर टाकू नये.

चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचून पाहा. तेथे २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असे लिहिले असेल, तर दोघांचा गुणाकार करा. उत्तर येते ६५ वॅट. ही झाली चार्जरची शक्ती. चार्जर बिघडला आणि दुसरा घ्यावा लागला, तर व्होल्टचा आकडा तोच हवा आणि अँपिअरचा आकडा कमी नको. स्वस्त मिळाला म्हणून भलताच चार्जर लावणे धोक्याचे आहे. प्लगला तीन पिना असतील, तर तिसरी जाड पीन कधीही मोडू नका. ती अर्थिंगची असते. विजेचा धक्का बसू नये म्हणून ती दिलेली असते.

बॅटरी

वीज गेली की टेबलावरचा संगणक तत्काळ बंद पडतो. लॅपटॉप चालू राहतो, कारण त्याच्या पोटात विजेची शिदोरी असते. तीच बॅटरी. प्रवासी जशी शिदोरी पुरवून पुरवून खातो, तशी ही वीजही पुरवून वापरावी लागते.

हिशेब सोपा आहे. बॅटरीत ५० वॅट-तास वीज मावते आणि लॅपटॉप १० वॅट वापरतो असे धरू. मग तो ५ तास चालेल. तोच २० वॅट वापरू लागला, तर अडीच तासांतच बंद पडेल.

आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती १९९१ साली बाजारात आली. तिच्या शोधाबद्दल जॉन गुडएनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडएनफ यांचे वय ९७ वर्षे होते!

ही बॅटरी कितीही चांगली असली तरी ती हळूहळू म्हातारी होते. पुन्हा पुन्हा भरल्याने आणि रिकामी केल्याने तिच्यात मावणारी वीज कमी होत जाते. उष्णता तर तिची शत्रूच. लॅपटॉप उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नये. बॅटरी दर वेळी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये. कामाच्या अनेक लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा.

जुना लॅपटॉप घेताना विक्रेत्याला बॅटरीचा अहवाल दाखवायला सांगावे. बॅटरी नवी असताना तिच्यात किती वीज मावत होती आणि आज किती मावते, हे दोन्ही आकडे संगणक स्वतःच सांगतो. ५० च्या जागी २० उरले असतील, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरलाच पाहिजे. आणि बॅटरी फुगलेली दिसली, तर लॅपटॉप वापरू नये. तिला दाबू किंवा टोचू नये, कारण ती पेट घेऊ शकते. ती कचऱ्यातही टाकू नये, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी.

पडदा

पडद्याजवळ डोळे नेले तर बारीक ठिपके दिसतात. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर ते वीस लाखांहून अधिक असतात. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग असतात. बहुतेक लॅपटॉपमध्ये या ठिपक्यांमागे एक दिवा असतो. लिहिण्या-वाचण्याचे साधे काम करताना बॅटरीची बरीच वीज हा दिवाच खातो. उजेड थोडा कमी केला की शिदोरी जास्त वेळ पुरते.

पडदा चकचकीत असेल, तर उघड्या आवारात त्यावर आकाशाचेच प्रतिबिंब दिसते. बाहेर काम करणाऱ्याने चमक नसलेला पडदा निवडावा. घेताना पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे चित्र लावून पाहावे, म्हणजे डाग आणि मेलेले ठिपके लगेच दिसतात. झाकण मिटताना आत पेन राहिलेले नाही ना, हे पाहावे. एवढ्याशा चुकीने पडदा फुटतो.

ट्रक आवाराच्या दारात उभा आहे, कागद पूर्ण व्हायचे आहेत आणि लॅपटॉप बंद पडला, तर खोळंबा एकट्या भाईजानचा होत नाही. चालक, हमाल, मालक सारेच अडकतात. म्हणून वस्तू विकत घेतली की काम संपत नाही. तिला जपणे हेही मालकाचेच काम आहे.

शब्दार्थ

शिदोरी – प्रवासात बरोबर नेलेले खाणे, तोशा
बंदर – जहाजे थांबण्याची जागा, बंदरगाह
पारखणे – नीट तपासून पाहणे
खोळंबा – अडकून पडणे

स्वाध्याय

१. बॅटरीला 'विजेची शिदोरी' का म्हटले आहे?
२. ४५ वॅट-तासांची बॅटरी १५ वॅट वापरणाऱ्या लॅपटॉपला किती तास पुरेल?
३. तुमच्या घरातील एखाद्या चार्जरवरचे आकडे वाचून त्याची शक्ती काढा.