विश्लेषण : गल्लीच्या कोपऱ्यावरची मोटार किती धोकादायक? निवासी रस्त्यांवरील ‘नो पार्किंग’मागचे गणित काय?

सदाशिव पेठ असो, कोथरूड असो वा सहकारनगर. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर येणाऱ्या दुचाकीस्वाराची एक ठरलेली कसरत असते. कोपऱ्याला मोटार उभी, पलीकडचे काही दिसत नाही. मग तो पाय टेकवत, मान पुढे काढत, हॉर्न वाजवत चाक रस्त्यात घालतो आणि त्याच क्षणी कोणी भरधाव येत नसेल अशी आशा धरतो. शाळेच्या बसकडे निघालेल्या मुलाकडे आणि भाजी घेऊन परतणाऱ्या आजींकडे तर हॉर्नही नसतो. अशा रस्त्यावर वाहतूक पोलिसांनी नो पार्किंगचा आदेश काढला की ‘मग आमच्या गाड्या लावायच्या कुठे?’ हा प्रश्न पहिल्या दिवशीच येतो. प्रश्न रास्त आहे. पण सुरक्षिततेसाठी नेमकी कोणती जागा मोकळी हवी आणि ती किती मीटर, हे त्या वादात मागे पडते.

कोपऱ्यावर नेमके काय घडते?

मोटार चालवणाऱ्याचे डोळे बॉनेटच्या टोकापासून साधारण दोन मीटर मागे असतात. कोपऱ्यावर दुसरी गाडी उभी असेल, तर तिच्या पलीकडचे दिसेपर्यंत चालकाचे बॉनेट तेवढेच पुढे, म्हणजे वाहत्या रस्त्यात आलेले असते. दुचाकीवर हे अंतर मीटरभराचे असते, इतकाच फरक. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला सर्वांत जवळची वाहने उजव्या हाताने येतात आणि उजवीकडच्या कोपऱ्यावरची गाडी त्याला अधिक नडते. अर्थात उलट दिशेने येणारी दुचाकी गृहीतच धरावी लागते अशा शहरात डावा कोपराही मोकळा लागतो.

पादचाऱ्याचे गणित याहून कठीण. पाच वर्षांच्या मुलाची उंची साधारण १०५ ते ११० सेंटिमीटर असते. उभ्या एसयूव्हीच्या मागून रस्त्यावर पाऊल टाकणारे हे मूल येणाऱ्या चालकाला दिसतच नाही आणि त्यालाही चालक दिसत नाही. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ८ मीटरहून थोडे अधिक अंतर कापते. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’नुसार ताशी ३२ किलोमीटर वेगात चालकाला धोका दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत १२ मीटर लागतात. त्यातले पहिले सहा मीटर तर ब्रेकवर पाय पोहोचण्यापूर्वीच संपलेले असतात. वेग ताशी ४८ किलोमीटर असेल, तर हेच अंतर २३ मीटर होते. याचा अर्थ असा की मूल पाच-सहा मीटरवर अचानक समोर आले, तर सावध चालकही काही करू शकत नाही. तेच मूल १५ मीटरवरून दिसले, तर गल्लीतल्या वेगाने येणारी गाडी थांबते.

कोपरा मोकळा ठेवल्याने नेमके हेच साधते. चौकात दोन्ही रस्त्यांकडे पाहणाऱ्याच्या नजरेसमोर जो त्रिकोण तयार होतो, त्यात काही उभे असता कामा नये, हा रस्ते अभियांत्रिकीतील जुना नियम आहे. मोटार हा त्यातला एक अडथळा. टपरी, विजेचा डीपी बॉक्स, कचऱ्याचा कंटेनर आणि भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स हेही त्याच त्रिकोणात उभे असतात. त्यांच्यावर मात्र ‘जॅमर’ लागत नाही.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यातले ३२ हजार ८२५ पादचारी होते. यात महामार्गांपासून गल्लीबोळांपर्यंत सगळे रस्ते आले.

कायदा काय सांगतो?

नियम नाहीत असे नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमावलीतच चौकाजवळ, वळणावर, पदपथावर, बस थांबा तसेच शाळा-रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ आणि अग्निशमनाच्या नळासमोर गाडी लावण्यास मनाई होती. २०१७ मध्ये तिची जागा नव्या वाहनचालन नियमावलीने घेतली आणि चौकाच्या कडेपासून दोन्ही बाजूंना ५० मीटरपर्यंत पार्किंगला बंदी आली. त्यासाठी फलक असण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रात नो पार्किंगमधील वाहनाला पहिल्या वेळी ५०० रुपये आणि त्यानंतर १,५०० रुपये दंड आहे.

गोम या ५० मीटरमध्येच आहे. पेठांमध्ये किंवा जुन्या सोसायट्यांच्या भागात दोन गल्ल्यांमधले अंतर कित्येकदा १०० मीटरही भरत नाही. एका कोपऱ्यापासून ५० आणि दुसऱ्या कोपऱ्यापासून ५० मीटर मोजले की अख्खा रस्ताच नो पार्किंग होतो. असा नियम शब्दशः राबवायचा तर निम्म्या शहराला पावत्या द्याव्या लागतील, म्हणून तो कुठेच राबवला जात नाही. परिणामी अगदी कोपऱ्याला, झेब्रा पट्ट्यांवर चाक टेकवून उभी असलेली गाडी आणि ४५ मीटरवर कोणाला त्रास न देणारी गाडी कायद्याच्या दृष्टीने सारखीच ठरते. व्यवहारात दोन्ही सुटतात.

फलक लावण्याचा निर्णय कोणाचा?

अनेकांना वाटते की हे काम महापालिकेचे. प्रत्यक्षात निर्णय वाहतूक पोलिसांचा असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५, ११६ आणि ११७ अन्वये पुण्यात वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त आदेश काढतात. अमुक चौकापासून तमुक दुकानापर्यंत, रस्त्याच्या या बाजूला, इतके मीटर नो पार्किंग, असा त्याचा मसुदा असतो. रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि पोलिसांची वाहने त्यातून वगळलेली असतात. फलक आणि रंगाचे पट्टे हे काम महापालिकेच्या पथ विभागाकडे. दोन यंत्रणांच्या या वाटणीमुळे आदेश कागदावर जिवंत आणि फलक मात्र गंजून पडलेला, अशी स्थिती अनेक रस्त्यांवर दिसते. पट्टे पहिल्या डांबरीकरणात पुसले जातात आणि पुन्हा मारायचे राहून जातात.

आदेशाचा पहिला मसुदा बहुतेक वेळा तात्पुरता असतो. त्यावर नागरिकांच्या हरकती आणि सूचना ठरावीक मुदतीत लेखी मागवल्या जातात, त्यानंतर तो कायम होतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येणारी ही सूचना कोण वाचते? ज्याच्या दुकानासमोरची जागा जाणार आहे तो वाचतो आणि हरकत घेतो. ज्याला रोज तो रस्ता ओलांडायचा आहे, त्याचे पत्र सहसा जात नाही. फाइलमध्ये म्हणून एकच बाजू जमा होते. कोपरा मोकळा करण्याचा प्रस्ताव ‘स्थानिकांचा विरोध’ या शेऱ्याखाली जातो, तेव्हा ते स्थानिक बहुधा गाडीवालेच असतात.

पी-१, पी-२ ने प्रश्न सुटतो का?

पुण्याचा जुना उपाय म्हणजे सम-विषम पार्किंग. विषम तारखेला पी-१ च्या बाजूला, सम तारखेला पी-२ च्या बाजूला. रुंदीच्या दृष्टीने ही पद्धत उपयोगी आहे, कारण एका वेळी एकच बाजू व्यापली जाते. दृष्टीच्या दृष्टीने तिचा लाभ थोडा, कारण ज्या बाजूला गाड्या असतात त्या कोपऱ्यापर्यंतच असतात. त्यातही ३१ तारखेनंतर १ तारीख आली की विषम दिवस लागोपाठ दोनदा येतो, हे लक्षात ठेवायचे गाडी मालकाने. व्यापारी रस्त्यावर सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्या गाडीला हे जमते. निवासी गल्लीत आठवडाभर न हलणारी गाडी मध्यरात्री पलीकडे कोण नेणार? शेवटी दोन्ही बाजू भरतात.

अग्निशमन दलाची गाडी आत जाईल?

सहा मीटर रुंदीची गल्ली घ्या. दोन्ही बाजूंना १.७ मीटर रुंदीच्या साध्या हॅचबॅक लावल्या, त्या कडेपासून वीतभर सोडून उभ्या आहेत असे धरले, तर मध्ये उरतात २.२ मीटर. अग्निशमन दलाची मोठी गाडी अडीच मीटरच्या घरात असते. आरसे आणि पाइप ओढणाऱ्या जवानांसाठी लागणारी जागा वेगळीच. एकाच बाजूला गाड्या असतील, अगदी १.९ मीटरच्या एसयूव्ही असल्या, तरी चार मीटर मिळतात आणि गाडी आत शिरते. वळणावर तर लांब गाडीला कोपरा मोकळाच लागतो. तिथे एक मोटार आडवी आली की मागची सगळी गल्ली तुटते.

२०२० मध्ये पुणे महापालिकेने सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा मोठा वाद झाला. वाद वाढीव बांधकामाचा होता. मिळणारे तीन मीटर पार्किंगलाच जाणार नाहीत, याची हमी काय, हा प्रश्नही तेव्हा विचारायला हवा होता.

सगळेच पार्किंग काढून टाकले तर?

इथे सावध राहावे लागते. दोन्ही बाजूंच्या गाड्या हटवून रस्ता स्वच्छ मोकळा केला की वाहने वेग घेतात. कडेला उभ्या गाड्यांमुळे रस्ता अरुंद वाटतो आणि चालक आपोआप हळू होतो, हे वाहतूक अभियंते जाणून आहेत. निवासी गल्ली सरसकट नो पार्किंग करणे सुरक्षिततेच्या दृष्टीने उलटेही पडू शकते. मधले पार्किंग राहू द्यावे आणि कोपरे, झेब्रा पट्टे, शाळेचे फाटक एवढे पक्के मोकळे करावेत, हा मार्ग अधिक चांगला. जंगली महाराज रस्त्याच्या नव्या रचनेत हेच तत्त्व दिसते. तिथे पार्किंगला खाचे दिले आहेत आणि ओलांडण्याच्या जागी पदपथ पुढे आला आहे, त्यामुळे पादचारी उभ्या गाड्यांच्या पुढे येऊन उभा राहतो. गल्लीत एवढा खर्च नको. कोपऱ्यावर चार खांब किंवा सायकल स्टँड पुरते. सायकलींच्या वरून मुलाचे डोके दिसते, मोटारीच्या वरून दिसत नाही.

इतर शहरांत किती मीटर?

ब्रिटनमध्ये चौकापासून १० मीटरच्या आत गाडी लावू नये असा नियम आहे. जपानमध्ये ही मर्यादा पाच मीटर. कॅलिफोर्नियात झेब्रा पट्ट्यांपूर्वीचे २० फूट, म्हणजे सुमारे सहा मीटर मोकळे ठेवण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि २०२५ पासून दंड सुरू झाला. न्यूयॉर्क राज्यातही २० फुटांचा नियम आहे, पण खुद्द न्यूयॉर्क शहराने त्यातून स्वतःला वगळून घेतले. पार्किंगची जागा सोडताना जीव तिथेही वर-खाली होतो.

या बाबतीत सर्वाधिक नाव घेतले जाते ते न्यू जर्सीतील होबोकेनचे. सुमारे ६० हजार वस्तीचे हे दाटीवाटीचे शहर. तिथे कोपऱ्यांवरच्या गाड्या खांब आणि सायकल स्टँड लावून हटवल्या गेल्या. जानेवारी २०१७ नंतर २०२३ संपेपर्यंत तिथे रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. याचे सगळे श्रेय मोकळ्या कोपऱ्यांना देता येणार नाही. वेगमर्यादा कमी झाल्या, सिग्नलच्या वेळा पादचाऱ्यांना सोयीच्या झाल्या. पण हे आकडे पाहा : पाच, सहा, दहा मीटर. म्हणजे एक किंवा दोन मोटारींची जागा. आपल्याकडे कागदावर ५० मीटर आहेत आणि रस्त्यावर शून्य.

मग गाड्या जाणार कुठे?

जुन्या इमारतींना वाहनतळ नाही, नव्यांपैकी काहींमध्ये त्याचे गोदाम किंवा दुकान झालेले. एका मोटारीला साधारण १२.५ चौरस मीटर, म्हणजे १३५ चौरस फूट जागा लागते. त्या मापाची खोली पुण्यात फुकट मिळत नाही, रस्ता मात्र मिळतो. हे बदलण्याचा प्रयत्न म्हणून महापालिकेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. विरोध इतका झाला की ते निवडक रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर राबवण्याचे ठरले. मुंबईत जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात अवैध पार्किंगला पाच हजारांपासून २३ हजारांपर्यंत दंड लावला गेला. मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी न करण्याची घोषणा केली. जपानमध्ये १९६२ पासून असा कायदा आहे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत गाडीची जागा दाखवावी लागते आणि रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवता येत नाही.

ही मोठी कामे आहेत आणि त्यांना वर्षे लागतील. कोपऱ्याचे सहा मीटर त्यांच्यासाठी थांबवण्याचे कारण नाही. १०० मीटरच्या गल्लीत दोन्ही टोकांना, दोन्ही बाजूंनी सहा-सहा मीटर सोडले, तर जास्तीत जास्त चार-पाच मोटारींची जागा जाते.

सोसायटीने काय करावे?

वाहतूक शाखेकडे लेखी सूचना देता येते. त्यासाठी मसुदा निघण्याची वाट पाहण्याची गरज नाही. अर्जात ‘पार्किंगचा त्रास होतो’ एवढे लिहून भागत नाही. रस्त्याचे नाव, कोणता कोपरा, कोणती बाजू आणि टेपने मोजलेले मीटर लिहावेत. पट्टे आणि खांबांसाठी त्याच अर्जाची प्रत क्षेत्रीय कार्यालयाला द्यावी. सोबत एक छायाचित्र जोडावे, मोबाइल जमिनीपासून साडेतीन फुटांवर धरून काढलेले. पाच वर्षांच्या मुलाला तो चौक कसा दिसतो, हे उपायुक्तांच्या टेबलावर कोणी सहसा ठेवलेले नसते.