शाळेची भाषा आणि घरची भाषा

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी पालकांना मुलासाठी शाळेचे माध्यम निवडताना जो पेच पडतो, तो परभणी जिल्ह्यातल्या घरांपुढे गाव न सोडताच उभा होता. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरी-कोर्टाची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. उर्दू टाळावी तर नोकरी-वकिलीची वाट अवघड, आणि केवळ तीच धरावी तर मराठीशी नाते घरातल्या बोलण्यापुरते उरणार.

केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) वसमत तालुक्यातल्या पुरजळचे. हा तालुका १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता. हैदराबादेत त्यांनी वकिली केली, पुढे ते न्यायाधीश झाले. तिथल्या मराठी मुलांसाठी १९०७ साली निघालेल्या विवेकवर्धिनी शाळेच्या संस्थापकांत ते होते. स्वतःचा मुलगा विनायकराव यांना मात्र त्यांनी आर्य समाजाच्या, हिंदी माध्यमाच्या गुरुकुल कांगडीत पाठवले. विनायकराव पुढे बॅरिस्टर आणि हैदराबाद राज्याचे मंत्री झाले. पण लोकांच्या तोंडी राहिले ते 'विद्यालंकार' हे गुरुकुलाच्या पदवीचे नाव.

केशवरावांनी माध्यम निवडले ते पोटापाण्याच्या हिशेबाने नव्हे, विचाराच्या ओढीने. शाळा मुलाला उपजीविका देते, विचार देते, कधी नावही देते. म्हणून शाळा निवडताना आणखी एक प्रश्न त्याच वेळी सोडवावा लागतो : तिथे न शिकवली जाणारी आपली भाषा मुलाला लिहा-वाचायला कोण शिकवणार?