फ्रेडरिक, ख्रिश्चन आणि मुलीचा हक्क

१४ जानेवारी २०२४ रोजी डेन्मार्कच्या राणी दुसऱ्या मार्गरेट यांनी राज्यत्याग केला आणि त्यांचे पुत्र दहावे फ्रेडरिक गादीवर आले. त्यांचे थोरले चिरंजीव ख्रिश्चन हे आता युवराज आहेत. ते उद्या अकरावे ख्रिश्चन म्हणवून घेतील, हे सांगावयास ज्योतिषी नको. १५१३ साली दुसरा ख्रिश्चन राजा झाला तेव्हापासून त्या देशात ख्रिश्चनामागून फ्रेडरिक व फ्रेडरिकामागून ख्रिश्चन हा क्रम चालत आला आहे. (बंगालमधील श्रीरामपूर डॅनिश अमलाखाली असताना फ्रेडरिक्सनगर म्हणून ओळखले जाई, ते याच मालिकेतील पाचव्या फ्रेडरिकवरून.) आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आपल्याही घरांतून आहे, पण तिला पाचशे वर्षांचे सातत्य क्वचितच लाभते. १८६३ साली सातवा फ्रेडरिक निपुत्रिक वारला आणि ग्लुक्सबुर्ग शाखेतून वारस आणावा लागला, तर त्याचेही नाव नेमके ख्रिश्चनच निघाले!

ही साखळी खरी अडली ती नवव्या फ्रेडरिकपाशी. १९४७ साली ते राजे झाले तेव्हा त्यांना तिन्ही मुलीच होत्या, आणि कायद्याने स्त्रीस गादी वर्ज्य होती. म्हणून राजबंधू क्नूड हे वारस ठरले. १९५३ साली नव्या राज्यघटनेबरोबर वारसाकायदाही बदलण्यात आला. त्यासाठी झालेल्या सार्वमतात एकूण मतदारांपैकी ४५ टक्क्यांची अनुकूलता आवश्यक होती. ती जेमतेम मिळाली. तेरा वर्षांची मार्गरेट वारस झाली आणि सहा वर्षे वारस असलेले काका मागे पडले. तरीही मुलाला बहिणीच्या पुढे ठेवणारे कलम कायम राहिलेच.

मिळालेला हक्क असा काढून घेणे न्याय्य आहे काय? स्वीडनने १ जानेवारी १९८० पासून थोरले अपत्य, मग ते मुलगी का असेना, वारस ठरविले. साडेसात महिन्यांच्या कार्ल फिलिपचे युवराजपद त्यामुळे बहीण व्हिक्टोरियाकडे गेले. नॉर्वेने १९९० साली तोच नियम केला, पण तो त्यापुढे जन्मणाऱ्यांपुरता. सबब १९७१ साली जन्मलेली मार्था लुईसे धाकट्या हाकोनच्या मागेच राहिली. नॉर्वेची रीत सौम्य दिसते खरी, परंतु तिची किंमत मुलीनेच मोजली. पाळण्यातल्या बाळाचे नुकसान त्यामानाने थोडे. स्पेनमध्ये तर आजही भावाचाच मान पहिला. लेओनोर वारस आहे ती भाऊ नाही म्हणून.

डेन्मार्कने २००९ साली पुन्हा सार्वमत घेऊन मुलगा-मुलगी हा भेद काढून टाकला. त्या वेळी कुणाचीच जागा हलली नाही. परिणाम दिसला तो २०११ साली, व्हिन्सेंटच्या जन्माने. जुन्या कायद्याप्रमाणे तो २००७ साली जन्मलेल्या इसाबेलाच्या पुढे गेला असता. आता तो तिच्या मागे आहे.

नावांचे मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. मार्गरेट यांनी स्वतःला ख्रिश्चनाच्या जागी मानून १९६८ साली थोरल्या मुलाचे नाव फ्रेडरिक ठेवले, म्हणून मालिका टिकली. पुढे ख्रिश्चन यांचे पहिले अपत्य कन्या असेल तर राज्य तिचेच. तेव्हा फ्रेडरिकच्या जागी तिचे नाव काय ठेवतील?