संकटात दिव्यांग मागे का राहतात? बांगलादेशाकडून घेण्यासारखा धडा

बांगलादेशाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ येणार असले की स्वयंसेवक कर्णे घेऊन गावोगाव फिरतात, बांबूवर झेंडे चढवतात. धोका वाढला की एकाचे दोन, दोनाचे तीन झेंडे होतात. लोक समजून जातात आणि निवारा केंद्राची वाट धरतात.

पण ज्याला ऐकू येत नाही त्याला रात्रीच्या अंधारात कर्णा कसा कळणार? ज्याला दिसत नाही त्याला झेंड्याचा काय उपयोग? आणि सूचना कळूनही ज्याचे पाय साथ देत नाहीत, त्याने केंद्राच्या पायऱ्या कशा चढायच्या?

या देशाने वादळांकडून फार महाग धडे घेतले आहेत. १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान ३ लाख माणसे गेली. त्यानंतर १९७२ मध्ये सरकार आणि रेड क्रेसेंट यांनी मिळून पूर्वतयारीचा कार्यक्रम उभा केला. आज त्यात ७० हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत आणि वादळातील मृत्यू पूर्वीच्या मानाने खूप कमी झाले आहेत. तरीही सर्वांसाठी केलेली व्यवस्था सर्वांपर्यंत पोहोचतेच असे नाही.

प्रश्न एकट्या बांगलादेशाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहा माणसांत एक जण, लक्षणीय अपंगत्वासह जगतो. यातील सुमारे ८० टक्के लोक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. श्रीमंत देशांत गरजूंपैकी सुमारे ९० टक्के लोकांना चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा अशी साधने मिळतात. काही गरीब देशांत हेच प्रमाण अवघे ३ टक्के आहे. मग पुरात एखाद्याची खुर्ची वाहून गेली, तर दुसरी कुठून आणायची? सांभाळणारा भाऊ किंवा आई दगावली, तर पुढे काय? संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या पाहणीत ८४ टक्के दिव्यांगांनी सांगितले की आपत्तीत काय करायचे याची त्यांची स्वतःची कोणतीही तयारी नाही.

बांगलादेशातच रोहिंग्या छावण्यांकडे पाहा. ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधून ७ लाखांहून अधिक लोक जीव वाचवून कॉक्स बाजारला आले. त्यांच्या बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या टेकड्यांच्या उतारावर आहेत. पावसात वाट म्हणजे नुसता चिखल. तिथे चाकाची खुर्ची चालत नाही. पाण्याचा नळ खाली, शौचालय वर, धान्याची रांग आणखी लांब. जो रांगेत उभा राहू शकत नाही त्याचा वाटा आणायला दुसऱ्या कुणाला जावे लागते, आणि ज्याचे कुणीच नाही तो मागे राहतो. इथे माणसाला अडवतात त्या वाटा आणि पायऱ्या. त्या माणसांनीच बांधल्या आहेत, म्हणून बदलताही येतात.

त्या बदलाचे उदाहरणही याच देशात आहे. उत्तरेकडील गायबांधा जिल्ह्यात दरवर्षी नद्यांचे पाणी घरात शिरते. तिथे दिव्यांगांना गावच्या आपत्ती समित्यांत सदस्य म्हणून घेतले गेले. कुणाच्या घरात कोण आहे, कुणाला उचलून न्यावे लागेल, हे त्यांनी सांगितले. हातपंप आणि शौचालये उंचावर आली, तिथे जायला उतरंडीची वाट झाली. चाकाची खुर्ची थेट आत जाईल अशी बचाव नावही तयार झाली. त्याचा फायदा म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना आणि लेकरांनाही झाला.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटायला नको. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (र.) दृष्टिहीन होते. तरी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मुअज्जिन नेमले. रमजानमध्ये हजरत बिलाल (र.) यांची अजान रात्र असतानाच होई आणि सहरी थांबायची ती इब्ने उम्मे मकतूम (र.) यांच्या अजानवर. फजर झाली हे लोक त्यांना सांगत, मग ते अजान देत. म्हणजे साऱ्या मदिनेला वेळेची सूचना देण्याचे काम एका अंध सहाबींकडे होते, आणि त्यासाठी लागणारी मदत आजूबाजूचे लोक करत. आपण मात्र दिव्यांग म्हटले की आधी जकात-फितऱ्याची पावती आठवतो. मदत करावीच, पण मशिदीच्या समितीत त्यांना जागा किती ठिकाणी आहे?

आपल्याकडे कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवायची आहे. आपल्या घरातील व्यक्तीचे नाव त्या नोंदीत आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले तेव्हा आपल्या समाजातील तरुण मदतीला धावले. पुढच्या वेळी धावण्याआधी यादी हातात असली पाहिजे. मोहल्ल्यात कोणाला ऐकू येत नाही, कोण अंथरुणाला खिळून आहे, कोणाचे औषध एक दिवसही चुकवून चालणार नाही, हे लिहून ठेवू या. प्रत्येक नावासमोर दोन शेजाऱ्यांची नावे असावीत. मशिदीच्या भोंग्यावरून सूचना देताना दारावर जाऊन सांगणाराही नेमावा. आणि ही यादी करायला बसू, तेव्हा ज्यांच्यासाठी ती आहे त्यांनाच आधी बोलावू या. कोणत्या पायरीवर अडते, हे त्यांच्याइतके नेमके आपल्याला सांगता येणार नाही.