पोहण्याची चड्डी : सरावाची वेगळी, शर्यतीची वेगळी

मार्च संपता संपता वऱ्हाडात पारा चाळिशी ओलांडतो आणि जलतरण तलावांवर गर्दी सुरू होते. अमरावतीत १९१४ पासून व्यायामाची परंपरा जपणाऱ्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा तलाव असो, की अकोल्यात वसंत देसाई क्रीडांगणाच्या परिसरातला. उन्हाळी शिबिराच्या पहिल्या आठवड्यात एक दृश्य हमखास दिसते. मुलांनी आत सुती अंडरवेअर आणि वर खिशांची ढगळ बर्म्युडा घातलेली असते. ज्यांचे वडील पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकले, त्यांना यात वावगे वाटत नाही. पोहायला तर जायचे, त्याला कपडे कशाला पाहायचे, असा सरळ हिशेब असतो.

विहिरीत डुंबण्यापुरता तो हिशेब बरोबर आहे. पण रोज तासभर सराव करायचा आणि पुढे शालेय स्पर्धेत उतरायचे, तर चड्डीचा प्रश्न वेगाचा आणि त्वचेच्या आरोग्याचा होतो.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असते. त्यात पुढे सरकताना शरीराला जो विरोध होतो, तो वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट केला, तर विरोध जवळजवळ चौपट होतो. ढगळ कापडाच्या घोळात आणि खिशांत पाणी भरले, की मुलगा ते पाणीही सोबत ओढत पोहतो. सुती कापड तर पाणी पिऊन जड होते, कंबरेवरून खाली घसरते आणि त्याचे तंतू सुटून तलावाच्या गाळणीत अडकतात. नवशिक्याची कंबर पाण्यात खाली जाते, पाय बुडतात आणि तो लवकर दमतो. हा दोष बहुतेक वेळा तंत्राचा असतो. पण चुकीची चड्डी त्यात भर घालते.

बाजारात पुरुषांसाठी मुख्यतः चार प्रकार मिळतात. पहिला ब्रीफ. हा त्रिकोणी, आखूड असतो आणि मांड्या पूर्ण मोकळ्या ठेवतो. दुसरा ट्रंक, म्हणजे मांडीच्या वरच्या भागापर्यंत येणारी अंगाबरोबरची चौकोनी चड्डी. तिसरा जॅमर. हा कंबरेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत घट्ट बसतो. चौथी ढगळ बोर्ड शॉर्ट, जी समुद्रकिनाऱ्यावर फिरायला ठीक आहे, सरावाला नाही. पहिल्या तिन्हींपैकी कोणताही प्रकार सरावाला चालतो. वयात येणाऱ्या अनेक मुलांना ब्रीफमध्ये संकोच वाटतो. त्यापायी मुलगा तलावावर येणेच बंद करणार असेल, तर त्याला खुशाल जॅमर घेऊन द्यावा. त्याने सरावात काही कमी पडत नाही.

प्रकारापेक्षा महत्त्वाचे आहे ते कापड. ताणले जाणारे नायलॉन-लायक्राचे कापड अंगाला छान बसते. पण क्लोरीन लायक्राचे धागे हळूहळू खाऊन टाकते. उघड्या तलावात कडक उन्हामुळे पाण्यातला क्लोरीन लवकर नाहीसा होतो आणि तो पुन्हा पुन्हा घालावा लागतो. रोज पोहणाऱ्याने म्हणून पॉलिएस्टरचे प्रमाण जास्त असलेली चड्डी घ्यावी. ती कमी ताणली जाते, पण क्लोरीनला पुष्कळ जास्त काळ तोंड देते. घेताना ती किंचित घट्टच असावी, कारण ओली झाल्यावर कापड सैल पडते. कंबरेला आतून नाडी हवी. आत वेगळी अंडरवेअर घालू नये.

शर्यतीच्या पोशाखाची गोष्ट निराळी. २००८ मध्ये स्पीडो कंपनीचा एलझेडआर रेसर हा अंगभर पोशाख आला. त्यातल्या पॉलियुरेथिनच्या पट्ट्या शरीर आवळून धरत. पुढच्या वर्षी तर संपूर्ण पॉलियुरेथिनचे पोशाख निघाले. ते पाणी शोषत नसत आणि पोहणाऱ्याला किंचित वर तरंगत ठेवत. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत तब्बल ४३ विश्वविक्रम झाले. तिथेच २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये जर्मनीच्या पॉल बिडरमनने १ मिनिट ४२.०० सेकंदांची वेळ देत खुद्द मायकेल फेल्प्सला मागे टाकले. जिंकला तो माणूस की पोशाख, असा वाद पेटला. अखेर १ जानेवारी २०१० पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने असे पोशाख बंद केले. महासंघाचे आजचे नाव वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स.

आजच्या नियमानुसार तलावातल्या शर्यतीसाठी पुरुषांचा पोशाख बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जाता कामा नये. तो विणलेल्या कापडाचाच हवा. त्याला चेन चालत नाही, कंबरेची नाडी चालते. एकावर एक दोन चड्ड्या घालता येत नाहीत. सरावात विरोध वाढवण्यासाठी काही जण वरून जाळीची सैल चड्डी घालतात, ती शर्यतीआधी उतरवावीच लागते. नियम बदलले त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवले. जलतरणात भारताला २४ वर्षांनी मिळालेले ते आशियाई पदक होते. नव्या नियमांच्या साध्या कापडी पोशाखाच्या जमान्यातले ते पदक आहे.

आजही शर्यतीसाठी खास आवळणारे, पाणी झटकणारे महागडे जॅमर मिळतात. त्यांची किंमत काही हजारांपासून पुढे जाते. ते चढवायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, नख लागले तर फाटतात आणि मोजक्या शर्यतींनंतर त्यांचा ताण जातो. अमेरिकेच्या जलतरण संघटनेने सप्टेंबर २०२० पासून १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना मान्यताप्राप्त स्पर्धांत असे पोशाख घालायला मनाई केली, ती विचार करण्याजोगी आहे. या वयात सेकंद कमी होतात ते उडी, वळण आणि हातापायांच्या मेळाने. जिल्हा किंवा विभागीय शालेय स्पर्धेसाठी नीट बसणारा साधा जॅमर पुरेसा आहे. त्या पैशांत महिनोन् महिने तलावाची फी भरता येते. स्पर्धेच्या आधी आयोजकांचा पोशाखाविषयीचा नियम मात्र विचारून घ्यावा आणि नवी चड्डी घालून सरावात दोन-तीनदा पोहून पाहावे.

राहिला त्वचेचा प्रश्न. घरच्यांच्या नजरेतून सुटतो तो हाच. पोहून झाल्यावर ओल्याच चड्डीवर पँट चढवून सायकलने घरी येणे, किंवा तसेच शिकवणीला जाऊन बसणे, ही मुलांची सवय. जांघेत ओल, उष्णता आणि घर्षण एकत्र आले, की आधी मांड्या सोलवटतात आणि मग बुरशीला आयती जागा मिळते. गोल, कडेला लालसर आणि खाजणारा चट्टा म्हणजे बहुधा नायटा. लाजेपोटी मुलगा सांगत नाही, आणि सांगितलेच तर दुकानातून मलम आणले जाते. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आतून पसरत राहते आणि नंतर औषधाला लवकर दाद देत नाही. म्हणून असा चट्टा दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवावे.

उपाय साधे आहेत. पाण्यात उतरण्याआधी आणि नंतर अंघोळ करावी. तलावावरच चड्डी बदलावी, जांघ कोरडी पुसावी, टॉवेल कोणाशी वाटून घेऊ नये. दोन चड्ड्या आलटून पालटून वापराव्यात. चड्डी घरी आल्याबरोबर साध्या पाण्यात खळबळून काढावी. वॉशिंग मशीन आणि गरम पाणी टाळावे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही आणि कापडावर क्षार बसतात. तिथे शेवटचे पाणी नळाचे असावे. चड्डी पिळू नये, दाबून पाणी काढावे आणि सावलीत वाळवावी. वऱ्हाडच्या एप्रिलमध्ये तिला उन्हाची गरज लागत नाही.

मागच्या बाजूने कापड विरळ दिसू लागले किंवा ताणल्यावर पूर्ववत होईना, की ती चड्डी बदलायची वेळ झाली असे समजावे.