रायगडाची चढण आणि एक वडापाव

६६ किलोकॅलरी. सत्तर किलोंचा माणूस रायगडाच्या पायथ्यापासून माथ्यावर पोचतो, तेव्हा त्याने स्वतःचं वजन वर नेण्यासाठी केलेलं निव्वळ काम एवढंच भरतं. उभा चढ ४०० मीटर धरा, ७० ला ९.८ ने आणि मग ४०० ने गुणा, म्हणजे ज्यूल मिळतील. त्याला ४,१८४ ने भागलं की किलोकॅलरी. शरीराचं इंजिन मात्र जुन्या एसटीसारखं, बरंचसं इंधन उष्णतेतच घालवणारं. खर्चलेल्या ऊर्जेतला २० ते २५ टक्केच भाग कामी येतो, म्हणून चढणीचा खरा खर्च २६० ते ३३० किलोकॅलरी. कशेडी घाट लागण्याआधी गाडी थांबवून आपण खातो तो वडापाव साधारण ३०० चा. वड्याचा आकार आणि तेलाचा हात यांवर थोडं इकडेतिकडे.

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे किलोभर चरबी नुसत्या चढणीने उतरवायची तर रायगड सव्वीस वेळा चढायला हवा, आणि दर वेळी खाली आल्यावर ‘आज चाललंय’ म्हणून काही जास्त खायचं नाही. महाड-पोलादपूरकडचा एखादा दोनदा गडावर जाऊन येतो आणि पोट जागचं हललं नाही म्हणून खट्टू होतो. त्यात पायांचा दोष नाही, अपेक्षेचा आहे.

चढ मात्र आयुष्यातून निघत चालला, हे खरं. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. सुमारे चार मिनिटांत माणूस वर. पोलादपूर आणि खेड यांच्यामधल्या कशेडी घाटाखालून सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाला, सप्टेंबर २०२३ मध्ये ऐन गणपतीच्या तोंडावर त्याची एक बाजू खुली झाली आणि पाऊण तासाची वळणं काही मिनिटांवर आली. यावर गळा काढण्यात मला रस नाही. डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीची चढण चढणाऱ्या बाईच्या कष्टाला कुणी व्यायाम म्हटलं नव्हतं, आणि दारात नळ आला तेव्हा तिने टाकलेला उसासा सुटकेचाच होता. पण जे कष्ट आपोआप होत होते, ते आता ठरवून करावे लागतात. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ, ४९.४ टक्के, पुरेशी हालचाल करत नव्हते; बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२.

आता ज्या आकड्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो. २२.३. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा: २२.३. दोघंही काट्यावर ‘नॉर्मल’. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये या दोघांनी स्वतःचेच फोटो शेजारी-शेजारी छापून हे मांडलं. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून जो अभ्यास केला, त्यात तर हे जन्मापासूनच दिसलं. बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळाचं ३.५, पण वजनातली ही तूट मुख्यतः स्नायूंची, पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. बारीक दिसायचं आणि आतून चरबी बाळगायची, हा आपल्याकडचा नमुना आहे.

म्हणून ‘वजन कमी करायचंय’ हे ध्येय आपल्यासाठी अर्धवट आहे, कधीकधी चुकीचंही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ मध्ये ४० तरुणांवर केलेला प्रयोग पाहा. चार आठवडे जेवण गरजेपेक्षा ४० टक्के कमी आणि व्यायाम कसून. ज्यांना दर किलो वजनामागे २.४ ग्रॅम प्रथिनं दिली, त्यांची चरबी ४.८ किलोने घटली आणि स्नायूंसह चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढलं. ज्यांना निम्मी, १.२ ग्रॅम दिली, त्यांची चरबी ३.५ किलोने घटली, चरबीविरहित वजन होतं तेवढंच राहिलं. वजाबाकी करा: दोन्ही गटांचा काटा साडेतीन किलोंच्या आसपासच थांबतो. शरीरात घडलं ते वेगळं, काट्याला ते दिसलंच नाही. त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. आपल्या लोकांसाठी कंबरेची धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०.

प्रथिनांचा हिशेब भाताच्या ताटातच करू. साठ किलोंच्या माणसाला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीने (किलोमागे ०.८३ ग्रॅम) रोज ५० ग्रॅम पुरतात. स्नायू वाढवायचे तर मर्यादा जरा वर आहे. ४९ प्रयोग एकत्र पाहणाऱ्या २०१८ च्या विश्लेषणात १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरी जादा फायदा दिसला नाही. ३०० ग्रॅम तांदळातून २४ ग्रॅम, ५० ग्रॅम कुळथाच्या पिठल्यातून ११, दोन अंड्यांतून १२, पाव किलोचा दहावा भाग म्हणजे २५ ग्रॅम सुक्या बोंबलातून १५, मूठभर शेंगदाण्यातून ७, पेलाभर दुधातून ८. एकूण ७७. डब्यातली महागडी पावडर न आणता आपण १.३ ग्रॅमपर्यंत आलो. अडचण एकच, आपल्या ताटात भात ३०० ग्रॅमचा असतो आणि बोंबील वासापुरता.

व्यायामाचं माप जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलंय: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि किमान दोन दिवस स्नायूंवर भार. दुसरा भाग आपण गाळतो. पाच लिटर पाण्याचा कॅन पाच किलोंचा असतो, दोन हातांत दोन घेऊन उठाबशा काढल्या तर दहा किलो झाले. आठ जमल्या की बारा, बारा जमल्या की मोठा कॅन. हृदयविकार, रक्तदाब किंवा गुडघ्याचं दुखणं असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

सवय लागायला किती दिवस? लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासाचा मधला आकडा ६६ दिवस, पण पल्ला १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकला तर विशेष बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. (कशेडीवरून जाणारा महामार्गही ६६ क्रमांकाचा, तोही अपेक्षेपेक्षा फार लांबला.) सुरुवात कधी करायची ते मात्र इथल्या पंचांगाने ठरवावं. जुलैत लावणीने कंबर आधीच मोडलेली असते, पुढे गणपती, मग कापणी. भात घरात आलं की १ नोव्हेंबरला सुरू केलं, तर सहासष्टावा दिवस ५ जानेवारीला येतो. आणि ठरवायचं ते ‘रोज व्यायाम करीन’ असं ढोबळ नको. ९४ अभ्यासांच्या २००६ च्या आढाव्यात ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं बांधून ठेवलेले बेत जास्त तडीस गेलेले दिसले. ‘सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळची एसटी गेली की कॅन उचलायचे’ हे झालं ध्येय.

मोजायचंच असेल तर पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात एकेकदा रायगड चढावा, घड्याळ लावून. ७० किलोंच्या माणसाला ४०० मीटरला दीड तास लागला तर त्याची सरासरी ताकद ५१ वॅट. तोच चढ तासाभरात झाला तर ७६.