हिमोग्लोबिन कमी, पण कशामुळे?

‘अंगात रक्त कमी आहे’ असे एकदा कळले की आपल्याकडे पुढचे सारे ठरलेलेच असते. बीट, डाळिंब, गूळ-शेंगदाणे, औषधाच्या दुकानातून आणलेली टॉनिकची बाटली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होते. बोट टोचून घेतलेल्या थेंबावरची ही मोजणी आकडा फुगवते, असा आक्षेप काही तज्ज्ञांनी घेतला आहे. तो मान्य करून थोडे वजा केले, तरी उरते ते थोडेथोडके नाही.

रक्तक्षय हा तापासारखा आहे. ताप मलेरियाचा असतो, टायफॉइडचाही असतो, आणि दोन्हींवर एकच गोळी चालत नाही. रक्तक्षयाच्या बाबतीत मात्र आपण सर्रास एकच गोळी चालवतो: लोहाची. बहुतेकांना ती लागूही पडते. ज्यांना पडत नाही, त्यांची वर्षे फुकट जातात.

तांबड्या पेशीचे आयुष्य

तांबडी रक्तपेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. रक्तात उतरण्यापूर्वी ती आपले केंद्रक टाकून देते आणि आत हिमोग्लोबिन ठासून भरून घेते. साधारण १२० दिवस ती प्राणवायूची ने-आण करते. मग प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, तिचा निकाल लागतो आणि तिच्यातले लोह पुन्हा वापरात येते. दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त पेशी जातात आणि तितक्याच नव्या येतात.

तेव्हा रक्त कमी होण्याच्या वाटा तीनच. पेशी पुरेशा तयार होत नाहीत, मुदतीआधी फुटतात, किंवा शरीराबाहेर वाहून जातात. बाकी सारे प्रकार या तिन्हींचे पोटभेद आहेत. सर्वसाधारणपणे हिमोग्लोबिन पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गरोदरपणात ११ ग्रॅमच्या खाली गेले, की रक्तक्षय म्हणतात.

अहवालातला दुर्लक्षित आकडा

सीबीसी ही तपासणी आता तालुक्याच्या गावीही होते. अहवाल हातात आला की आपण हिमोग्लोबिनचा आकडा पाहतो आणि कागदाची घडी घालतो. त्याच कागदावर खाली एमसीव्ही लिहिलेला असतो, म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. तो ८० ते १०० च्या दरम्यान असावा. ८० च्या खाली असेल तर पेशी लहान आहेत; मग लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया या आनुवंशिक विकाराचा संशय घ्यायचा. १०० च्या वर गेला, तर बी-१२, फॉलिक आम्ल, यकृत, थायरॉइड किंवा दारू यांच्याकडे पाहायचे. आकार नेहमीचाच असेल, तर मूत्रपिंड, जुनाट आजार, नुकताच झालेला रक्तस्राव किंवा पेशींचे फुटणे.

यात एक गोम आहे. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील, तर काही पेशी लहान होतात, काही मोठ्या, आणि सरासरी दिसते अगदी ठाकठीक. आपल्याकडे ही जोडगोळी दुर्मीळ नाही. अशा वेळी त्याच कागदावरचा आरडीडब्ल्यू हा आकडा वाढलेला असतो. पेशींच्या आकारात किती तफावत आहे, हे तो सांगतो. शंका उरली तर काचपट्टीवर रक्त पसरून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा जाणता पॅथॉलॉजिस्ट गाठावा. यंत्राला जे दिसत नाही, ते अनेकदा त्याला दिसते.

लोह कमी पडते तेव्हा

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच. प्रौढ शरीरात सगळे मिळून तीन-चार ग्रॅम लोह असते आणि रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम आत येते. एक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या स्त्रीचा हिशेब जेवणातून का भरून निघत नाही, हे एवढ्यावरून कळते. त्यात लागोपाठची बाळंतपणे आणि शेतात अनवाणी चालताना पायातून शिरणारे अंकुशकृमी. हा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो, म्हणूनच सरकारी कार्यक्रमात लोहाच्या गोळीबरोबर जंतांची गोळीही असते.

साठा संपत आल्याचे फेरिटिन या तपासणीत हिमोग्लोबिन घसरण्याआधीच दिसते. थकवा, केस गळणे, चढावर धाप लागणे ही लक्षणे ओळखीची आहेत. माती, खडू, खापराचे तुकडे किंवा कच्चे तांदूळ खाण्याची ओढ मात्र ‘वाईट सवय’ म्हणून रागावून सोडून दिली जाते. ती बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेची खूण असते.

आता बिटाविषयी. बीट लाल असते ते त्यातल्या रंगद्रव्यामुळे. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसते. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देणाऱ्या आज्यांची निवड त्याहून कितीतरी सरस होती. पालेभाज्या आणि कडधान्यांतले लोह आतड्यातून फारसे शोषले जात नाही, पण वर लिंबू पिळले किंवा आवळा खाल्ला तर शोषण वाढते. लोखंडी कढईत केलेल्या आंबट आमटीतही लोह उतरते. जेवणावर लगेच घेतलेला चहा हे सगळे कमी करतो. चहा बंद करा असे सांगून महाराष्ट्रात कोणी ऐकणार नाही; तास-दीड तास लांबवा, एवढे तरी ऐकावे.

गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून ती मध्येच सुटते. स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या अभ्यासांत दिसले, की एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतले लोह रोजच्या गोळीपेक्षा चांगल्या प्रमाणात शोषले जाते, कारण एका मात्रेनंतर यकृतातले हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्याचे दार काही काळ लावून घेते. त्रास होत असेल तर गोळी बंद करण्याऐवजी डॉक्टरांना हे विचारून पाहावे. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी गोळ्या आणखी सुमारे तीन महिने घ्याव्या लागतात. बहुतेक जण नेमके इथेच थांबतात.

पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीला लोहाची कमतरता झाली, तर नुसत्या गोळ्यांवर समाधान मानू नये. रक्त कुठून जात आहे ते शोधावे. मूळव्याध असेल, सांधेदुखीच्या गोळ्यांनी झालेला जठरव्रण असेल, आणि कधी आतड्याचा कर्करोगही असतो. टॉनिकने आकडा तात्पुरता वर गेला, तर आजार तेवढाच लपून राहतो.

बी-१२, फॉलिक आम्ल आणि मुंबईतले संशोधन

पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही. म्हणून मोठी आणि कमकुवत राहते. ही करामत बी-१२ किंवा फॉलिक आम्लाच्या अभावाची. १९२८ साली लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गरीब गरोदर स्त्रियांना, त्यांत गिरणी कामगार बायकाही होत्या, होणारा एक जीवघेणा रक्तक्षय त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत राहून अभ्यासला. त्यांचा रोख आहाराकडे होता. यीस्टच्या अर्कापासून केलेले मार्माइट दिल्यावर या बायका सुधारतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल ठरला. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला. आज जगभर गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या फॉलिक आम्लाच्या गोळीचे एक मूळ असे परळमध्ये आहे, आणि ते परळमध्येच फारसे कोणाला माहीत नाही.

बी-१२ वनस्पतीत नसते. दूध-दह्यातून थोडे मिळते, मांस-मासे-अंड्यांतून बरेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत शहरी मध्यमवर्गीय पुरुषांत ही कमतरता फार मोठ्या प्रमाणावर दिसली. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही बी-१२ कमी होऊ शकते, हे लक्षात ठेवावे. तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे रक्तक्षयाशिवायही येऊ शकतात. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारते पण मज्जातंतूंचे नुकसान आत चालूच राहते. ते नुकसान कधी कधी कायमचे होते.

गोळ्यांनी न हलणारा आकडा

हिमोग्लोबिन दहा-अकरा, एमसीव्ही ६५, लोहाच्या गोळ्या घेऊन सहा महिने झाले आणि आकडा आहे तिथेच. अशा माणसाचा तांबड्या पेशींचा एकूण आकडा पाहावा. लोहाच्या कमतरतेत पेशी लहानही असतात आणि कमीही. थॅलेसेमिया मायनरमध्ये, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेल्यांत, लहान असतात, पण संख्येने भरपूर. एमसीव्हीला त्या संख्येने भागून उत्तर १३ पेक्षा कमी आले, तर संशय थॅलेसेमियाकडे जातो. हा मेंट्झर यांचा १९७३ चा ठोकताळा. खात्री हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीने होते. तिच्यात हिमोग्लोबिन ए-२ साडेतीन टक्क्यांच्या वर असते.

मायनर माणूस आजारी नसतो. गोळ्या त्याला तेव्हाच द्याव्यात, जेव्हा फेरिटिनही कमी असेल. प्रश्न येतो तो दोन मायनर व्यक्तींचे लग्न झाल्यावर. प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते, की बाळाला थॅलेसेमिया मेजर होईल. ते बाळ जन्मतः धडधाकट दिसते आणि सहा महिन्यांपासून पांढरेफटक पडू लागते. पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचे. प्रत्येक पिशवीतून दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह आत जाते आणि जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. ते हृदयात, यकृतात साचते, म्हणून ते काढणारी औषधे जन्मभर. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी समाजांत प्रमाण जास्त आहे, पण इतरांनी निर्धास्त राहावे असे मुळीच नाही.

सिकलसेल: गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतले सहावे बदलले, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आले, की प्राणवायू कमी पडताच पेशी विळ्याच्या आकाराची होते. १९१० साली शिकागोत जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या पेशींचे वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखवले. भारतात पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीतल्या आदिवासींमधली. हा दोष मलेरियाच्या मुलखात टिकून राहिला, कारण एकाच पालकाकडून तो मिळालेल्या मुलाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट, नंदुरबार, पालघर. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा, तसेच विदर्भातले अनुसूचित जातींचे आणि इतर समाजही. दवाखान्यात लोक ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ असेच बोलतात. एएस म्हणजे वाहक: त्याचे हिमोग्लोबिन बहुधा ठीक असते, त्यामुळे सीबीसीत काही सापडत नाही, वेगळी तपासणीच लागते. एसएस म्हणजे आजार: हाडे-सांधे ठणकणे, वारंवार कावीळ, न्यूमोनिया, लहानपणीच पक्षाघात. पाणी कमी पडले, थंडी बाधली, ताप आला, की विळ्यासारख्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि वेदनेचा झटका येतो. विदर्भाच्या मे महिन्यात रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या एसएस रुग्णाला ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला देणे सोपे आहे. हायड्रॉक्सियुरिया हे स्वस्त औषध नेमाने घेतले तर झटके कमी होतात. पण ते उपकेंद्रापर्यंत खंड न पडता पोहोचले पाहिजे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ हे लक्ष्यवर्ष. तपासणीच्या आकड्यांपेक्षा मला काळजी वाटते ती नंतरच्या वागणुकीची. एएस निघालेल्या मुलीचा अहवाल घरचे लपवतात, कारण स्थळ मोडेल. मुलाचा अहवाल कोणी मागतही नाही, आणि दोष तर दोघांकडून यावा लागतो.

मुदतीआधी फुटणाऱ्या पेशी

जी-सिक्स-पीडी या विकराचा अभाव असलेली पेशी एरवी ठीक चालते. मलेरिया उलटू नये म्हणून देतात ते प्रायमाक्विन, काही सल्फा औषधे किंवा कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांशी आलेला संपर्क तिला फोडतो. दोन-तीन दिवसांत लघवी काळपट लाल होते, डोळे पिवळे पडतात. दोष आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मुलगे जास्त. पारशी समाजात तो बऱ्याच काळापासून ठाऊक आहे.

कधी शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटते; कूम्ब्स चाचणीत ते कळते. कधी पेशी जन्मतः चेंडूसारख्या गोल असतात, प्लीहा त्यांना टिकू देत नाही, आणि कोवळ्या वयात पित्ताशयात खडे होतात.

मूळ दुखणे दुसरीकडे

पेशी तयार करण्याचा हुकूम देणारे एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडात बनते. मूत्रपिंड निकामी होत गेले, की रक्तही उतरते; त्यावर याच संप्रेरकाची इंजेक्शने देतात. क्षयरोग, आमवात यांसारख्या जुनाट आजारांत लोह शरीरात असते, पण हेप्सिडिन ते कोठारात कोंडून ठेवते. मगजच कोरडा पडला, तर तो अप्लास्टिक रक्तक्षय: तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही घटतात. सीबीसीत हे तिन्ही आकडे एकदम खाली दिसले, तर टॉनिकच्या नादी न लागता रक्तविकारतज्ज्ञाकडे जावे.

रक्त जास्त असणे

याच कागदावर कधी उलटे चित्र असते: हिमोग्लोबिन अठरा. घरचे खूश होतात, तब्येत चांगली म्हणतात. धूम्रपान, फुफ्फुसांचे जुने आजार, झोपेत श्वास अडकणे यांमुळे शरीर जादा पेशी बनवते. क्वचित मगजातच बिघाड असतो; तो जेएके-२ या जनुकाच्या चाचणीत बहुधा सापडतो. रक्त घट्ट होऊन गुठळ्या होतात, पक्षाघाताचा धोका वाढतो, आंघोळीनंतर अंगाला खाज सुटते. पुरुषांत साडेसोळा आणि स्त्रियांत सोळाच्या वर आकडा राहत असेल तर तपासावे. मगजातल्या बिघाडावरचा पहिला उपचार म्हणजे ठरावीक दिवसांनी एक पिशवी रक्त काढणे. यातून रुग्णाचे लोह हळूहळू उतरते आणि डॉक्टर ते मुद्दाम उतरू देतात. अशा माणसाने थकवा वाटतो म्हणून स्वतःच्या मनाने लोहाची गोळी सुरू केली, तर रक्त पुन्हा घट्ट व्हायला वेळ लागत नाही.